दहावीनंतर सव्वीस वर्षांनी परत सहावीचं विज्ञान

दहावी झाले १९९८ ला, मग आर्ट्स, मग पतसंस्थेत नोकरी. विज्ञानाशी संबंध सुटला तो २०२४ पर्यंत. या वयात परत सुरू करायचंय अशा कुणासाठी हे लिहितेय, कारण माझे पहिले तीन महिने चुकीच्या जागी गेले, तुमचे जाऊ नयेत.

सुरुवात कुकरवरून झाली. लेकीने विचारलं कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, मी म्हटलं वाफेमुळे, तर म्हणे "अगं आई, वाफ तर पातेल्यातही होते की!" आणि मला पुढे काही सांगताच येईना. ते मनाला लागलं. त्या रात्रीपासून यूट्यूबवर ब्लॅक होल, क्वांटम असले व्हिडिओ बघायला लागले. बघताना सगळं कळतंय असं वाटायचं पण दुसऱ्या दिवशी कुणाला दोन वाक्यं सांगायची म्हटलं तर जमायचं नाही, आणि कुकरचं उत्तर तर तसंच राहिलेलं.

मग ई-बालभारतीच्या साइटवरून पुस्तकं उतरवली, सगळी पीडीएफ फुकट आहेत. दहावीचं पहिलं प्रकरण गुरुत्वाकर्षण, तिथे त्वरण (वेग किती झपाट्याने बदलतो ते) म्हणजे काय तेच पक्कं नव्हतं. नववीचं उघडलं तर चाल आणि वेग यात गोंधळ. असं करत करत सहावी-सातवीच्या सामान्य विज्ञानापर्यंत खाली आले आणि तिथे पाय टेकले. माझं ऑफिस घरापासून ७ किमी, संध्याकाळी घरी येईपर्यंत गाडीच्या मीटरवर १४ किमी पडतात पण विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य, कारण निघाले तिथेच परत आले. चाल काढताना ते १४ किमी धरायचे, वेग काढताना विस्थापन. एवढं उमगल्यावर चाल आणि वेग पुन्हा कधी गुंतले नाहीत. म्हणून माझं ठाम मत, अडलं की पुढे रेटू नका, एक इयत्ता खाली जा. त्यात कमीपणा कसला!

कुकरचं उत्तरही असंच खालच्या पुस्तकांतून सापडलं. उघड्या पातेल्यात गॅस कितीही मोठा करा, उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो, मग पाणी साधारण १२० अंशांना उकळतं आणि डाळ त्या तापमानात शिजते. त्या दिवसापासून पातेल्याला उकळी फुटली की मी गॅस बारीक करते.

दुसरं म्हणजे हाताने करून बघा. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं काचेचं कपाट होतं, पाच वर्षांत ते आमच्यासाठी एकदाही उघडलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण घरीही बरंच होतं. गॅलरीतल्या हुकाला दोरी बांधून खाली जड कुलूप लटकवलं, लंबक तयार. दोरी १०० सेंमी. थोडंसंच बाजूला ओढून सोडलं आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर २० झोके (जाऊन परत आलं की एक) मोजले, ४०.९ सेकंद. लंबकाच्या सूत्रात घातलं तर जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे येणारं त्वरण, आला ९.४४, पुस्तकात ९.८. परत मोजलं, तेच. दोन दिवस डोकं खाल्लं त्याने. मग लक्षात आलं की लांबी कुलपाच्या कडीपर्यंत नाही, कुलपाच्या मध्यापर्यंत धरायची असते, म्हणजे अजून ४ सेंमी. १०४ घेतल्यावर आला ९.८२!! रात्री साडेअकराला गॅलरीत उभी राहून मी लेकीला हाक मारली. पृथ्वी आपल्याला किती ओढते ते मी घरात मोजलं होतं, दोरी आणि कुलूप घेऊन.

बाकी बारीकसारीक: गणित कच्चं असेल तर सातवी-आठवीचं बीजगणित सोबत ठेवा, सूत्र उलटं फिरवता आलं पाहिजे. मराठी शब्दांसमोर इंग्रजीही लिहून ठेवा, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, नाहीतर व्हिडिओ बघताना परत परका विषय वाटतो. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंपासून केलेले प्रयोग आणि मराठी पुस्तकं आहेत, तीही फुकट. आणि रोज अर्धा तास पुरतो, मी जेवणं आटोपल्यावर बसते, महिन्याला दोन धडे होतात, कधी एकच.

सध्या भिंगं चालू आहेत. सासऱ्यांचा वाचायचा चष्मा +२ चा, म्हणजे नाभीय अंतर (भिंगापासून जिथे दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं) एक भागिले दोन, अर्धा मीटर यायला हवं. दुपारी खोलीतले दिवे बंद केले, खिडकीसमोरच्या भिंतीशी चष्मा धरला आणि मागेपुढे करत गेले. भिंतीपासून साधारण ५० सेंमीवर समोरची बिल्डिंग भिंतीवर उमटली, उलटी, रंगांसकट, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा हलताना दिसत होते. सासरे खुर्ची ओढून घेऊन बघत बसले, चष्मा काही परत मागितला नाही.