येऊरच्या पाणवठ्यावर हरणं मोजायला बसताना

"हरणं फार झालीत, थोडी मारायला हवीत," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, मोजली कुणी? परदेशात ठरलेल्या हंगामात शिकारीचे परवाने देतात, तेही मोजदाद बघूनच. नुसते शिंगाळे नर टिपून कळप कमी होत नाही, कारण एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. म्हणून तिकडे माद्यांचे परवाने वेगळे असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात हे काम बिबट्या करतो. अंदमानात इंग्रजांनी चितळ नेऊन सोडले. तिथे त्यांना खाणारा मोठा प्राणीच नाही, त्यामुळे जंगलातली कोवळी रोपं ते वाढू देत नाहीत. आपल्याकडे बिबट्या आहे, आणि त्याच्या पोटापुरती हरणं आहेत का, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

बुद्धपौर्णिमेला वनखात्याची पाणवठ्यावरची गणना असते. उन्हाळ्याच्या शेवटी ओहोळ आटलेले असतात, जनावर उरलेल्या पाण्यावर येतंच आणि चांदण्यात दिसतं. अर्ज आधी करून ठेवा. परवानगीशिवाय रात्री जंगलात पाऊल टाकू नका.

मी ठाण्यातल्या वर्तकनगरहून दुपारीच वर जाते. ऊन असतानाच मचाणावर चढून बसायचं. मातकट, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. अत्तर नको, वासाचं तेलही नको. वारा तुमच्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर हरणं झाडीतूनच परततात. फोन बंद. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा.

आता खरं काम. कळप आला की लगेच आकडा लिहायची घाई नको. चितळ एकामागून एक उघड्यावर येतात, शेवटची मादी बराच वेळ झाडीतच उभी राहते. सगळे पाण्याला लागले की मोजा, निघताना पुन्हा मोजा. नर, माद्या आणि पाडसं वेगळी लिहा. शिंगं नाहीत म्हणजे मादीच, असं धरू नका. नराची शिंगं गळतात, तेव्हा मानेचा जाडपणा आणि चेहऱ्यावरचा काळपटपणा बघा. मला सगळ्यात मोलाची वाटतात ती पाडसं. माद्या भरपूर आणि पाडसं नाहीत, तर काहीतरी बिघडलंय.

वेळ आणि कळप कुठून आला, कुठे गेला हेही लिहाच. पहिल्या वर्षी मी ते लिहिलं नव्हतं. पलीकडच्या मचाणावरच्या जोडीने तोच कळप मोजला होता आणि आमचे आकडे जुळवताच येईनात. ती रात्र वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

सांबर बहुतेक अंधार पडल्यावर येतं, मोठं, ठिपके नसलेलं. भेकर एकटंच येतं आणि कुत्र्यासारखं भुंकतं. वानरं खाकरली, चितळाने तीक्ष्ण हाक दिली, तर बिबट्या जवळ आहे असं समजा आणि हाकेची वेळ टिपा. भटकी कुत्री दिसली तर तीही नोंदवा. पाडसं तीही मारतात.

रात्रभर काहीच आलं नाही तर पत्रकावर 0 लिहा. रकाना रिकामा सोडू नका, आणि सकाळी वनरक्षकाच्या हाती देताना शेजारच्या मचाणाचे आकडे ऐकून आपले बदलू नका.