परदेशात स्थानिक पदार्थ खाताना या चुका टाळा

"व्हेज आहे का?" एवढे एकच विचारून जेवायला बसणे ही आपल्या खानदेशातून परदेशी जाणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आपण ताटातल्या फोडी पाहतो, पण त्या कशात शिजल्या हे विचारत नाही. थायलंडमध्ये मांसाचा एकही तुकडा नसलेल्या भाजीत बहुधा 'नाम प्ला' असतो. मासे मिठात महिनोन्महिने आंबवून काढलेला हा रस तिथे मिठाच्या जागी वापरतात. श्रीलंकेत ओल्या खोबऱ्याच्या 'पोल संबोल' या चटणीत बहुधा वाळवलेल्या मालदीव माशाचा चुरा असतो, मलेशियाच्या संबल या मिरचीच्या चटणीत बेलाचान म्हणजे आंबवलेली कोळंबी असते, आणि जपानी मिसो सूपचे पाणी सहसा बोनिटो माशाच्या किसावर उकळलेले असते. इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेजिआनो चीजचे दूधसुद्धा वासराच्या जठरातील रेनेट या पाचक द्रव्याने साकळवतात.

आमच्या बँकॉकच्या सहलीत चोपडा तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी होते. माळकरी माणूस, आयुष्यात अंडेही न खाल्लेला. एका गाडीवर त्यांनी 'सोम तम' बनताना पाहिले: कच्च्या पपईचा कीस, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, लिंबू, आणि हे सारे उखळात कुटणारी बाई. हा तर पपई घातलेला ठेचाच, असे म्हणून त्यांनी वाटाड्याला विचारले, "यात मटण, चिकन नाही ना?" तो "नाही" म्हणाला आणि गुरुजींनी दोन दिवस आवडीने तेच खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्यांना त्या बाईच्या हातातील बाटलीवर माशाचे चित्र दिसले. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा वाळवलेली कोळंबीही त्यात पडत असल्याचे कळले. त्यानंतर परतीच्या विमानापर्यंत गुरुजी बिस्किटांवर राहिले. आमच्यापैकी कोणाच्याही समजावण्याचा उपयोग झाला नाही. वाटाड्यावर सगळे चिडले, परंतु तो खोटे बोलला नव्हता, त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. मला सर्वाधिक वाईट याचे वाटते, की त्याच रस्त्यावर आंबा आणि चिकट भात मिळत होता. भात, नारळाचे दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि पिकलेला आंबा यांपलीकडे त्यात सहसा काही नसते, आणि गुरुजींना तो निर्धास्तपणे खाता आला असता.

माझी सवय अशी आहे: पोहोचल्याबरोबर हॉटेलातील एखाद्या कर्मचाऱ्याकडून त्याच्या लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यायची, आणि तीत मासा, माशाचा रस, कोळंबी, ऑयस्टर म्हणजे कालवाचा सॉस व हाडांचे पाणी ही नावे वेगवेगळी घालायची. ती वाढणाऱ्याला नव्हे, चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दाखवायची. मोबाइलवर घाईघाईने एक वाक्य भाषांतरित करून पुढे धरणाऱ्यांची मला चीड येते, कारण तो पुन्हा तोच अर्धवट प्रश्न असतो. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'เจ' म्हणजे 'जे' हे चिन्ह ओळखायला शिकावे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य असतो. व्हिएतनाममध्ये 'Chay' (उच्चार 'चाय', म्हणजे शाकाहारी) लिहिलेली दुकाने शोधावीत. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक लोक शाकाहार पाळत असल्याने त्या दिवशी भरपूर पर्याय मिळतात.

दुसरी चूक तिखटाच्या अभिमानाची. "आम्ही शेवभाजी खाणारी माणसे, आम्हाला काय होणार?" असे म्हणून तरुण मंडळी पहिल्याच दिवशी सर्वांत तिखट पदार्थ मागवतात. आपल्या काळ्या मसाल्यातील मिरची भाजलेली असते, तिच्यासोबत खोबरे, कांदा आणि तेलाची तर्री असते. सोम तममधील बारीक मिरची कच्ची असते आणि तिला खोबऱ्याची किंवा तेलाची सोबत नसते. मिरचीचा दाहक घटक पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड पोळल्यावर बाटलीभर पाणी पिऊन उपयोग नसतो. दूध, दही किंवा साधा भात घ्यावा. थायलंडमध्ये पहिल्या दिवशी "मै फेत", म्हणजे तिखट नको, एवढे सांगावे आणि मग रोज थोडे वाढवत जावे. नारळाच्या दुधातील करीपासून सुरुवात केली, तर जीभ लवकर रुळते.

तिसरी चूक बॅगेत असते. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, शेव, कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आणि मसाल्याची बरणी घेऊन जाणाऱ्यांनी मसाल्यात खसखस नाही याची खात्री करावी, कारण संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस नेण्यास बंदी आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जात जाहीर करावा लागतो, अन्यथा दंड होतो. शिवाय बिबडे घरी वर्षभर मिळतातच. दोन्ही वेळा तेच खाऊन परतणाऱ्यांना तिथल्या बाजारात फिरण्याचे कारणच उरत नाही.

हॉटेलच्या फुकट नाश्त्यावर पोट फुगवून बाजारात जाऊ नये. थायलंडमध्ये मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फोडलेल्या लादीचा बर्फ टाळावा. जपानमध्ये भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, कारण तो अंत्यविधीचा प्रकार आहे. ड्युरियन हे उग्र वासाचे फळ दुकानापाशीच खावे. सिंगापूरच्या मेट्रोत ते नेता येत नाही आणि अनेक हॉटेलेही आत येऊ देत नाहीत.

एका घासावर निकाल देणाऱ्यांशी मात्र माझे कधीच जमले नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील माणसाने थायलंडमध्ये निखाऱ्यावर भाजलेले 'क्लुए पिंग' केळे चाखून "आपल्यासारखे गोड नाही" म्हणत टाकून द्यावे, हे मला पटत नाही. भाजण्यासाठी तिथे मुद्दाम घट्ट, कमी पिकलेली केळी घेतात. मी दोघांत एक वाटी घेतो, आवडली नाही तरी संपवतो, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या गाडीवर तोच पदार्थ पुन्हा मागवतो.