सी शार्पच्या स्ट्रक्टमधला अ‍ॅरे सीच्या डीएलएलला कसा पाठवायचा (आणि पेंढा कुठे मोजायचा)

देवगडजवळ मामाची आंब्याची पॅकिंग शेड आहे आणि सीझनला माझी ड्युटी तिथे ठरलेलीच. पेट्या भरायला कोणी सांगत नाही, लॅपटॉप सांभाळायचा, कारण लेबल छापायचा प्रोग्राम मी सी शार्पमध्ये लिहिलाय आणि प्रिंटरची लायब्ररी मात्र सीमधली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची तयार कोडची फाइल) आहे. डझनाच्या प्रत्येक पेटीवर ग्रेड, पेटी नंबर, एकूण वजन, बाराही आंब्यांचं एकेकाचं वजन आणि गावाचं नाव एवढं छापायचं, आणि हे सगळं एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे वेगवेगळी फील्ड एकत्र ठेवणाऱ्या गठ्ठ्यात, डीएलएलला पाठवायचं. पहिल्याच दिवशी ३७ नंबरच्या पेटीवर ६२,०७,५६,९९२ छापून आलं. मामा लेबल हातात घेऊन म्हणाला, "बासष्ट कोटी? इतके आंबे अख्ख्या कोकणात तरी आसत काय रे?"

तर हे कसं झालं आणि कसं टाळायचं ते सांगतो.

आधी मूळ भानगड समजून घ्या. सीमध्ये स्ट्रक्टच्या आत बारा फ्लोटचा अ‍ॅरे (म्हणजे बारा दशांश आकड्यांची रांग) लिहिला की ते बारा आकडे खरोखर स्ट्रक्टच्या पोटातच बसतात, ४८ बाइट, एकाला एक लागून. सी शार्पमध्ये तसं नाही, तिथे अ‍ॅरे ही वेगळी वस्तू असते, ती हीपवर, म्हणजे मेमरीच्या वेगळ्या भागात, राहते आणि स्ट्रक्टमध्ये नुसता तिचा पत्ता असतो. म्हणजे पेटी उघडावी तर आत आंबे नाहीतच, एक चिठ्ठी आहे, "आंबे मागच्या पडवीत आढीत ठेवलेत". आपल्या घरच्याला ती चिठ्ठी कळेल, पण पलीकडची सी लायब्ररी चिठ्ठीच वजनकाट्यावर ठेवते. म्हणून रनटाइमला (सी शार्पचा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) स्पष्ट सांगावं लागतं की बाबा, पाठवताना आंबे पेटीत भरून पाठव.

पहिलं काम, कोड लिहायचा नाही, लायब्ररीची हेडर फाइल (जिच्यात सीचं स्ट्रक्ट लिहिलेलं असतं) उघडायची आणि कागदावर प्रत्येक फील्ड त्याच क्रमाने बाइटसकट लिहून काढायचं. माझं असं होतं: ग्रेड म्हणजे एक कॅर, १ बाइट. पेटी नंबर इंट, ४. एकूण वजन डबल, ८. वजनं बारा फ्लोट, ४८. गाव सोळा कॅर, १६. इथेच तीन खड्डे आहेत. सीचा कॅर १ बाइटचा पण सी शार्पचा कॅर २ बाइटचा, म्हणून आपल्याकडे बाइट वापरायचा. सीचा लाँग विंडोजवर ४ बाइटचा आणि सी शार्पचा लाँग ८ बाइटचा, तर तिथे इंट लिहायचा. आणि बूल, तो काही न सांगता पाठवला तर ४ बाइटचा जातो, पण सीचा किंवा सी++चा साधा बूल बहुतेक ठिकाणी १ बाइटचा असतो, त्याला मार्शलअ‍ॅज या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (फील्ड पलीकडे कसं पाठवायचं ते सांगणारी खूण) यू१, म्हणजे १ बाइट, सांगा.

मग सी शार्पमध्ये स्ट्रक्ट लिहायचं, डोक्यावर स्ट्रक्टलेआउट अ‍ॅट्रिब्यूट आणि त्यात लेआउटकाइंड सिक्वेन्शिअल, म्हणजे फील्ड लिहिलेल्या क्रमानेच. स्ट्रक्टला कंपायलर हे आपणहून लावतो तरी लिहा, वाचणाऱ्याला कळतं. क्लास वापरणार असाल तर लिहावंच लागतं, नाहीतर फील्ड कुठल्याही क्रमाने लागतात. वजनांच्या फ्लोट अ‍ॅरेवर मार्शलअ‍ॅज लावायचं, त्यात अनमॅनेज्डटाइप बायव्हॅल्अ‍ॅरे आणि साइझकॉन्स्ट बरोबर १२. सगळी जादू या एका ओळीत आहे, "चिठ्ठी नको, आंबे भर, आणि मोजून बारा".

स्ट्रक्ट बनवलं म्हणजे अ‍ॅरे बनला असं नाही हं, बारा घरांचा नवा अ‍ॅरे स्वतः त्या फील्डमध्ये ठेवायचा. अकरा घरांचा ठेवलात तर रनटाइम आर्ग्युमेंटएक्सेप्शन फेकतो, लांबी जुळत नाही म्हणून. पण तेरा घरांचा ठेवलात तर कोणी काही बोलत नाही, पहिले बारा जातात आणि तेरावा गुपचूप गळतो, आणि मला विचाराल तर हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण एरर आला तर निदान माणूस बघतो तरी.

आता माझ्या बासष्ट कोटींची गोष्ट. मी हे सगळं केलं होतं, तरी चुकलं, कारण पेंढा मोजला नव्हता. प्रोसेसरला डेटा ठराविक पत्त्यावर आवडतो, ४ बाइटचा इंट चारच्या पटीत, ८ बाइटचा डबल आठच्या पटीत, म्हणून १ बाइटच्या ग्रेडनंतर ३ बाइट रिकामे सोडले जातात, पेटीत आंबे हलू नयेत म्हणून आपण पेंढा कोंबतो तसे. तो धरून माझं स्ट्रक्ट १ अधिक ३ अधिक ४ अधिक ८ अधिक ४८ अधिक १६, म्हणजे ८० बाइट. पण त्या हेडरच्या अगदी वर, कॉपीराइटच्या मजकुराखाली, प्रॅग्मा पॅक १ लिहिलेलं होतं, म्हणजे बिनपेंढ्याची पेटी, ७७ बाइट, आणि ती ओळ मी वाचलीच नव्हती, चूक सगळी माझी. पलीकडच्याने ग्रेड बरोबर उचलली, मग लगेच पुढच्या बाइटपासून नंबर वाचायला घेतला, त्याला आधी माझे पेंढ्याचे तीन शून्य मिळाले आणि चौथ्या, सगळ्यात वजनदार जागी ३७. ३७ गुणिले १,६७,७७,२१६ करून बघा, येतं ६२,०७,५६,९९२. उपाय काय तर स्ट्रक्टलेआउटमध्ये पॅक बरोबर १, संपलं. पण उगाच लावू नका, हेडरमध्ये असेल तरच लावा.

म्हणून लायब्ररीचं फंक्शन कॉल करायच्या आधी मार्शल डॉट साइझऑफने आपल्या बाजूचा आकडा काढा, सीमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहून साइझऑफ छापा आणि दोन्ही जुळवा. जुळले नाहीत तर मार्शल डॉट ऑफसेटऑफने एकेका फील्डची जागा बघा, कुठे सरकलंय ते लगेच कळतं.

कॉलमध्ये स्ट्रक्ट रेफने द्यायचं, ते फंक्शन स्ट्रक्टचा पत्ता (पॉइंटर) मागत असेल तर. यात आणखी एक गोष्ट लोक विसरतात, बायव्हॅल्अ‍ॅरे असलेलं स्ट्रक्ट सरळ जात नाही, त्याची नेटिव्ह, म्हणजे सीच्या बाजूच्या, मेमरीत कॉपी होते, कॉल संपला की बदल परत कॉपी होऊन येतात आणि ती तात्पुरती मेमरी जाते. लायब्ररी तो पॉइंटर जवळ ठेवून नंतर निवांत छापणार असेल तर तिच्या हातात कचरा राहतो. तेव्हा मार्शल डॉट अ‍ॅलॉकएचग्लोबलने मेमरी घ्या, स्ट्रक्चरटूपीटीआरने भरा, काम झाल्यावर फ्रीएचग्लोबल करा, आणि ते फ्री फायनलीमध्येच लिहा, म्हणजे मधे एरर आला तरी ते होतं.

गावाच्या नावाने मला अजून एक दिवस खाल्ला. इंग्रजी नावं असतील तर बायव्हॅल्टीस्ट्र आणि साइझकॉन्स्ट १६ पुरतं, म्हणजे १५ अक्षरं आणि शेवटचा शून्य. पण तिथे अक्षरांचा डिफॉल्ट संच (कॅरसेट) आन्सी, त्यामुळे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं छापून येतात. लायब्ररी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांना चालणारी, अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) वाचत असेल (माझी वाचत होती) तर गावाचं फील्ड बाइट अ‍ॅरे करा, बायव्हॅल्अ‍ॅरे १६, नाव यूटीएफ-८ मध्ये बदला आणि ते बाइट सोळा घरांच्या अ‍ॅरेत कॉपी करा, कमी लांबीचा तसाच दिलात तर वरचाच एरर. देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त सगळ्याला ३ बाइट लागतात, म्हणून "देवगड" १५ बाइट, शून्य धरून बरोब्बर १६ मध्ये बसतं. "विजयदुर्ग"ला २७ लागतात, ते बसत नाही, आणि मधेच कापलं तर अर्धं अक्षर जातं. विजयदुर्गच्या बागेतल्या आंब्यांना म्हणून आम्ही इंग्रजीत लेबल लावतो, मामाला ते आवडलेलं नाही.

अ‍ॅरेची लांबी दर वेळी वेगळी असेल, कधी पाच डझनी पेटी कधी चार, तर बायव्हॅल्अ‍ॅरे कामाचा नाही, तिथे सी स्ट्रक्टमध्येही बहुतेक पॉइंटर आणि संख्या अशी जोडी असते, आपल्या बाजूला इंटपीटीआर (नुसता पत्ता ठेवणारा टाइप) ठेवून मेमरी स्वतः भरायची. दोन मितींचा अ‍ॅरे असेल, तीन ओळी चार रकाने, तर सपाट बाराचा करा, ओळ गुणिले चार अधिक रकाना, सी तसंच ठेवतं.

कॉपीचा खर्च नको असेल तर अनसेफ कोडमध्ये (जिथे सी शार्पमध्येही पॉइंटर थेट वापरता येतात) फिक्स्ड बफर आहे, त्यात आकडे खरंच स्ट्रक्टच्या पोटात राहतात, फक्त साध्या टाइपचेच चालतात. डॉटनेट (सी शार्प ज्यावर चालतं ते) ८ पासून इनलाइनअ‍ॅरे आलाय, त्यात अनसेफही लागत नाही. आणि डॉटनेट ७ मधलं नवीन लायब्ररीइम्पोर्ट (डीएलएलमधलं फंक्शन जोडायचं अ‍ॅट्रिब्यूट) वापरणार असाल तर बायव्हॅल्अ‍ॅरेचं स्ट्रक्ट ते थेट घेत नाही, तिथे यांपैकीच एक करा नाहीतर जुनं डीएलएलइम्पोर्ट ठेवा. मी जुनंच ठेवलंय, सीझनमध्ये चालू गाडीचं चाक कोण बदलतो.

चालवून बघताना खरी वजनं घालू नका, सगळे हापूस अडीचशे ग्रॅमच्या आसपासच असतात, एखादं सरकलं तरी कळत नाही. १ ते १२ आकडे भरा, लेबलवर तेच क्रमाने आले पाहिजेत. आणि माझ्या प्रोग्रामच्या सुरुवातीलाच आता एक ओळ आहे, साइझऑफ ७७ नसेल तर पुढे जायचंच नाही, लाल अक्षरात "पेंढा मोज" असं दाखवून थांबतो.