झिप फाईल उघडत नाही? अ‍ॅप बदलण्याआधी साईज बघा

पाचोऱ्याला माझं ऑनलाईन फॉर्म अन झेरॉक्सचं दुकान आहे. भरतीचा सीझन आला की रोज कोणी ना कोणी मोबाईल नाहीतर पेनड्राईव्ह पुढं करतं, "भाऊ, हाई फाईल उघडसच नई". तोवर त्यानं तीन अ‍ॅप टाकून पाहिलेले असतात, फोन दोनदा बंद-चालू केलेला असतो. माझ्या पाहण्यात जास्त वेळा अ‍ॅपचा काही संबंध नसतो, फाईल अर्धीच उतरलेली असते.

झिप म्हणजे बऱ्याच फाईली दाबून बांधलेलं एक गाठोडं. त्याची यादी, म्हणजे आत कोणती फाईल कुठून सुरू होते ते, सगळ्यात शेवटी लिहिलेलं असतं. त्यामुळे 98 टक्के डाऊनलोड झालं आणि तेवढ्यात नेट गेलं तर जवळपास सगळा माल आलेला असूनही फाईल उघडत नाही, कारण यादीच आली नाही. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह' असं आलं की हेच समजायचं. राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथं 'साईज ऑन डिस्क' सोडून नुसतं 'साईज' बघा आणि जिथून उतरवली तिथं लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. तिथं 340 एमबी आणि तुमच्याकडं 212 असेल तर पुढं काही करत बसू नका. क्रोममध्ये कंट्रोल आणि जे दाबा, डाऊनलोडची यादी येते, तिथं रिझ्यूम दिसलं तर दाबा, नसेल तर जुनी फाईल डिलीट करून पहिल्यापासून उतरवा. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी लाईट गेली की राउटर बंद पडतो, म्हणून मोठी फाईल मी सकाळी सातच्या आतच लावतो.

साईज उलट फारच छोटी, पाच-दहा केबी असेल तर ती झिपच नाही, लॉगिन संपल्यामुळे साईटनं एरर पेजच झिपच्या नावानं दिलंय. खात्री करायची तर नोटपॅडमध्ये उघडा. खरी झिप असेल तर सुरुवातीलाच इंग्रजीत पी आणि के ही दोन अक्षरं दिसतात, 1989 मध्ये हा फॉरमॅट काढणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची. तिथं एचटीएमएल असं दिसलं तर परत लॉगिन करून नव्यानं डाऊनलोड करा.

साईज बरोबर आहे तरी उघडत नाही? मग आता सॉफ्टवेअर बघा. विंडोज 10 स्वतःहून फक्त झिप उघडतं, आरएआर आणि सेव्हन-झेड ही झिपसारखीच दुसऱ्या प्रकारची गाठोडी उघडणं विंडोज 11 ला 2023 च्या शेवटाकडं आलेल्या अपडेटपासून यायला लागलं. सरळ 7-झिप हे सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे आणि जवळपास सगळं उघडतं. पासवर्डवाल्या काही झिप एईएस पद्धतीनं लॉक केलेल्या असतात, त्या विंडोजच्या स्वतःच्या झिपमध्ये उघडत नाहीत, पासवर्ड बरोबर असूनही, तिथंही 7-झिपच कामाला येतं. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केला असेल तर मागं एखादी स्पेस चिकटून येते, हातानं टाईप करून बघा. आधारच्या ऑफलाईन ई-केवायसीच्या झिपला तो शेअर कोड लागतो जो डाऊनलोड करताना तुम्हीच टाकलेला असतो, विसरला असाल तर नव्यानं डाऊनलोड करणं सोपं.

पार्ट 1, पार्ट 2 अशा तुकड्यात आलेली आरएआर असेल तर सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फक्त पहिला उघडा, बाकीचे ते आपोआप घेतं. एखादा तुकडा दोनदा उतरवला की ब्राउझर नावाच्या शेवटी कंसात 1 लावतो अन मग तो तुकडा सापडत नाही म्हणतं, तो कंस काढून टाका.

सीआरसी एरर आला तर आतली एखादी फाईल वाटेत बिघडलीय. परत उतरवा. पेनड्राईव्हवर असेल तर आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून उघडा. दोनदा उतरवूनही त्याच फाईलला तोच एरर येत असेल तर मूळ फाईलच खराब आहे, पाठवणाऱ्याला सांगा. आणि चार जीबीपेक्षा मोठी फाईल पेनड्राईव्हवर जातच नसेल तर तो फॅट 32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे, आतला डेटा बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पाथ टू लाँग, म्हणजे फोल्डर-फाईलची नावं मिळून फार लांब झाली, असं म्हणत असेल तर सी ड्राईव्हवर एका अक्षराच्या नावाचा फोल्डर करून तिथं काढा.

आता जे मनाला लागलं ते. अमळनेरकडचे एक सर होते, शाळेच्या निकालाची एक्सेल झिपमध्ये आली होती. त्यांनी झिपवर डबल क्लिक केलं, आत एक्सेल दिसली, तिच्यावर डबल क्लिक केलं आणि रात्री अकरापर्यंत साठ पोरांचे मार्क भरले. सकाळी उघडलं तर सगळे रकाने कोरे. सर खुर्चीवर बसून नुसते स्क्रीनकडं बघत होते, माझ्यानं पाहावेना. झिपच्या आतून उघडलेली फाईल ही एका टेम्पररी फोल्डरमधली कॉपी असते, तुम्ही लिहिलेलं झिपमध्ये परत जात नाही. त्यांची ती कॉपी टेम्प फोल्डरमध्ये शोधली, नाही सापडली, परत सगळं भरावं लागलं. म्हणून आधी राईट क्लिक, मग एक्स्ट्रॅक्ट ऑल, आणि नव्या फोल्डरमधली फाईल उघडायची. फॉन्ट किंवा सेटअप चालत नाही म्हणून येतात, त्यातही बऱ्याचदा हेच निघतं, झिपमधूनच चालवायला बघतात.

झिप-आरएआर उघडायला विनरार हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर 7.13 किंवा त्यापुढचंच ठेवा, जुन्यात धोकादायक त्रुटी निघाल्या होत्या आणि ते स्वतःहून अपडेट होत नाही. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका म्हणून फाईल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे, उघडायची नाही, घरातल्या मोठ्या माणसांनाही आजच दाखवून ठेवा.