नफा भागिले वेळ: टॉवेलच्या लॉटवरून डिंकेलबाख पद्धत

सोलापुरात एमएस्सी गणित किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्यांना प्रोजेक्टसाठी विषय शोधत लांब जायला नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात तो समोरच असतो: एका लॉटमध्ये किती माल काढला तर तासाला सर्वाधिक नफा पडेल? इथे एकूण नफा नव्हे, गुणोत्तर मोठं करायचं आहे.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. क्ष म्हणजे शेकड्यात टॉवेल, ० ते १०. नफा १२क्ष − क्ष² (शंभर रुपयांत). वेळ क्ष + ४ तास, त्यातले ४ तास बीम (ताण्याच्या सुताचा रोळ) मागावर चढवून सूत सांधण्यात जातात. अंश (नफा) कॉन्केव्ह, म्हणजे आलेख घुमटासारखा; छेद (वेळ) धन आणि सरळ रेषेतला. पद्धत चालायला एवढं पुरतं.

गणितज्ञ डिंकेलबाखने १९६७ साली भागाकार मोडून वजाबाकी केली. ल हा अंदाजी दर धरायचा आणि ‘अंश − ल × छेद’ मोठं करायचं. त्या सर्वात मोठ्या किमतीला फ(ल) म्हणू. फ शून्य झालं की ल हाच उत्तम दर. नाहीतर मिळालेल्या क्षवरून नवा ल काढून पुन्हा तेच.

एकूण नफा क्ष = ६ ला सर्वाधिक, ३६. वेळ १० तास, म्हणून ल = ३.६. आता १२क्ष − क्ष² − ३.६(क्ष + ४) मोठं करायचं: क्ष = (१२ − ३.६)/२ = ४.२ आणि फ = ३.२४. नवा ल = ३२.७६/८.२ = ३.९९५१. पुढच्या फेरीत क्ष = ४.००२४, फ = ०.०३९. तिसऱ्या फेरीत ल चारला जवळजवळ चिकटतो. म्हणजे ४०० टॉवेल, तासाला ४०० रुपये. ६०० काढले तर ३६०च. हातानं या तीन फेऱ्या केल्याशिवाय कोड लिहू नका, नंतर चूक सापडत नाही.

थांबायचं कधी? नुसतं फ छोटं दिसून भागत नाही, कारण रुपयांऐवजी पैसे घेतले की तेच फ शंभरपट होतं. फ ला छेदाच्या किमान किमतीने भागा: ०.०३९/४ म्हणजे सुमारे ०.०१, दर याहून जास्त चुकलेला नाही. खरी चूक ०.००४९ आहे.

गडबड बहुतेक वेळा आतल्या प्रश्नात, म्हणजे दर फेरीत ‘अंश − ल × छेद’ मोठं करताना होते. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं मिनिमाइझ फंक्शन किमान शोधतं; उणे चिन्ह विसरलात तर क्ष टोकाला जाऊन बसतो. आतला सॉल्व्हर (हे मोठं करणारा प्रोग्रॅम) ढिला, म्हणजे कमी अचूक ठेवला तर फ उणे येतं आणि ल मागेपुढे डुलत राहतो. पहिला क्ष तोट्यातला घेतला तर ल ऋण होतो. मग छेद सरळ नसून वाटीसारखा वक्र (कॉन्व्हेक्स) असेल तर आतला प्रश्न कॉन्केव्ह राहत नाही आणि सॉल्व्हर भलत्याच शिखरावर थांबतो. म्हणून सुरुवात नफ्यातल्या बिंदूपासून करा.

अंश, छेद आणि अटी सगळंच रेषीय असेल तर चार्न्स आणि कूपर या दोघांचं १९६२चं रूपांतर बरं, फेऱ्यांशिवाय एकाच लिनिअर प्रोग्रॅममध्ये (सगळं रेषीय असलेल्या प्रश्नात) काम होतं. पण दोन शेडच्या दोन दरांची बेरीज मोठी करायची असेल, तर प्रत्येक गुणोत्तराला वेगळा ल लावून वरच्यासारख्या फेऱ्या मारल्या तरी उत्तर बरोबर येईलच असं नाही. तो प्रश्न मुळातच अवघड जातीचा आहे. पहिल्या प्रोजेक्टला एकच गुणोत्तर घ्या, आणि कारखानदाराला तासाचा दर हवाय की लॉटचा एकूण नफा, हे आधी विचारून घ्या.