पहिली नोकरी शोधताना या चुका टाळा

पदवीचे निकाल लागले की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, बायोडाटांचा ढीग लागतो, आणि नावे झाकली तर त्यांतले निम्मे एकाच माणसाचे वाटावेत इतके ते सारखे असतात. मागे गुणवत्ता विभागातील जागेसाठी यांत्रिकी शाखेचा एक पदवीधर आला होता. मोजमापाच्या उपकरणांत आपण प्रवीण असल्याचे त्याने ठळक अक्षरांत छापले होते, म्हणून मी मशिनिंग झालेले एक कास्टिंग (ओतीव भाग) आणि व्हर्नियर त्याच्यापुढे सरकवून बोअरचा, म्हणजे त्यातल्या गोल भोकाचा, व्यास मोजायला सांगितला. आतले माप घेण्यासाठी असलेले वरचे लहान जबडे सोडून तो खालचे मोठे जबडे बोअरमध्ये घालू लागला. विचारल्यावर शांतपणे म्हणाला, "सर, ते झेरॉक्सवाल्यानं घातलंय." शेवटच्या प्रतिज्ञेखाली ठिकाण सांगलीचे आणि नाव भलत्याच मुलाचे होते. व्हर्नियर न येणे हा मी दोष मानत नाही, कारण तो दोन दिवसांत शिकवता येतो. आपल्याच अर्जात काय लिहिले आहे हे न वाचणारा मुलगा तपासणीचा अहवाल वाचून सही करील, याची खात्री मात्र मला कोण देणार? ज्या ओळीवर पाच मिनिटे बोलता येत नाही, ती ओळ मी ओळखीच्या मुलांना खोडायलाच लावतो, मग अर्धे पान उरले तरी चालते.

दुसरी चूक म्हणजे शिकाऊ उमेदवारीला नाक मुरडणे. 'फ्रेशर पाहिजे' अशी जाहिरात देऊन दोन वर्षांचा अनुभव मागणारे आमचे भाऊबंद कमी नाहीत, ही तक्रार खरीच आहे. पण तो अनुभव मिळवण्याची सरळ वाट नाकारून पुण्याच्या फोनची वाट पाहत वर्ष घालवणाऱ्यांची मला कीव येते. 2019 च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा 9000 रुपये ठरवले, तर 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा 10000 रुपये ठरले. या रकमेत खोलीभाडे आणि मेस भागवताना ओढाताण होते, हे मान्य आहे. शिवाय करारात तसे नसेल तर मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन मालकावर नसते, म्हणून पुढे घेणार का, हे पहिल्याच दिवशी विचारावे आणि शेवटी प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय हलू नये.

नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. मुलाखतीत पगाराचे बोलणे वडिलांवर सोपवू नये. तिसऱ्या पाळीला जाण्यायेण्याची सोय काय आहे, हे रुजू होण्याआधीच विचारावे, कारण ते न विचारता आठवड्याभरात काम सोडणाऱ्याच्या जागी पुन्हा नवखा पदवीधर घ्या, असे मालकांना पटवणे मला जड जाते.