डेटिंग रिॲलिटी शोमधील लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रिया: चित्रण कसे तपासावे

नागपूरच्या धरमपेठेत दर शनिवारी रात्री आम्ही काही मैत्रिणी परदेशी डेटिंग शो पाहायला बसतो, आणि त्यांतील लेस्बियन व बायसेक्शुअल स्त्रियांचे चित्रण पारखण्याची एक पद्धत हळूहळू आमच्या हाताशी बसली आहे. सहभागींच्या यादीने हुरळून न जाता प्रथम खेळाचा नियम वहीत लिहून काढावा, कारण कोण कोणाला निवडू शकते हे तोच ठरवतो.

एमटीव्हीवर २००७ साली आलेल्या 'अ शॉट ॲट लव्ह विथ टीला टकीला'मध्ये एका बायसेक्शुअल स्त्रीसाठी सोळा पुरुष आणि सोळा लेस्बियन स्त्रिया स्पर्धेत होत्या. हा नियम लिहिला की लगेच दिसते की सगळी उत्कंठा 'ही पुरुष निवडणार की स्त्री?' या एका प्रश्नावर टांगलेली आहे, म्हणजे तिचे बायसेक्शुअल असणे हे शेवटच्या भागात सोडवायचे कोडे ठरते. त्याच्या शेजारी 'आर यू द वन?' या जोड्या जुळवण्याच्या शोचा २०१९ मधील आठवा हंगाम ठेवावा. तेथे सोळा सहभागींपैकी कोणाचीही जोडी कोणाशीही जुळू शकत होती. आठ पुरुष आणि आठ स्त्रिया अशी वाटणी असती, तर ६४ जोड्या शक्य झाल्या असत्या; येथे त्या १२० होतात, आणि सर्वांच्या आठ जोड्या लावण्याचे प्रकार ४०,३२० वरून थेट २०,२७,०२५ वर जातात. (आमच्यातील गणिताच्या बाईंना शोपेक्षा हा हिशेबच अधिक आवडला.) पुरुष की स्त्री, हा प्रश्नच अशा रचनेत गळून पडतो.

त्यानंतर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दोन रकाने भरावेत: दोन स्त्रिया एकमेकींशी किती वेळ बोलल्या, आणि त्यांच्याविषयी इतर किती वेळ बोलले. चुंबने व भांडणे मोजू नयेत, कारण ती कोणताही संपादक ठेवतोच. नोकरी, आई, आजारपण अशा साध्या गप्पा मोजाव्यात.

बोलणारीचा चेहरा पडद्यावर नसताना तिचे निर्णायक वाक्य ऐकू आले, तर तेथे खूण करावी. वेगवेगळ्या वेळच्या तुकड्यांतून जोडलेल्या अशा वाक्याला या धंद्यात 'फ्रँकनबाइट' म्हणतात. खूण म्हणजे पुरावा नव्हे, परंतु 'ती गोंधळलेली आहे' असे सुचवणाऱ्या वाक्यांवरच खुणा दाटल्या, तर तो भाग पुन्हा पाहावा.

नेटफ्लिक्सवरील 'द अल्टिमेटम: क्विअर लव्ह' (२०२३) पाहताना मात्र थोडे थांबावे. लग्न कर, नाहीतर वेगळे होऊ, हा त्या पाच जोड्यांपुढचा पेच आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यामुळे तो पेच कायद्याने उभाच राहत नाही. याच नागपुरात २०२१ च्या अखेरीस दोन महिला डॉक्टरांनी नातलगांच्या साक्षीने अंगठ्या बदलल्या होत्या. त्यामुळे येथे बसून पाहताना, घरच्यांना शोमध्ये किती जागा मिळते, यासाठी तिसरा रकाना आखावा.

सोबत बसलेल्या कोणालाही 'तुझे काय?' असे विचारू नये, आणि वहीत कोणाचे नाव लिहू नये, कारण ती वही घरोघरी फिरते.